छप्पर असलेला लाकडी पूल

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेला गेलो असताना न्यू हॅम्पशायर आणि व्हर्मांट या राज्यांना जोडणारा कॉर्निश-विंडसर हा लाकडी पूल पाहिला. त्यावर घरासारखे छप्पर आहे. बर्फापासून वाटसरूंचा बचाव व्हावा म्हणून ते घातले होते काय? आणि लाकडी पूल इतकी वर्षे टिकला कसा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : वाटसरूंना आडोसा मिळत असे हे खरे, परंतु छप्पर घातले गेले ते पुलाच्या लाकडासाठी. ज्या कैच्यांवर, म्हणजे पुलाच्या दोन्ही बाजूंच्या लाकडी सांगाड्यांवर, पुलाचा सारा भार असतो, त्यांच्या सांध्यांत पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी मुरत राहिले की लाकूड कुजते आणि उघडा पूल दहा-वीस वर्षांतच निकामी होतो. छपराच्या फळ्या खराब झाल्या तर थोड्या खर्चात बदलता येतात. कैच्या बदलणे म्हणजे जवळजवळ नवा पूल बांधणे. बर्फाच्या बाबतीत तर आपल्या तर्काच्या उलट घडत असे : हिवाळ्यात घोड्यांच्या घसरगाड्या चालाव्यात म्हणून अशा पुलांच्या कोरड्या तळावर बाहेरचे बर्फ मुद्दाम आणून पसरावे लागे.

अमेरिकेत पुलांवर छप्पर घालण्याची पद्धत १८०५ मध्ये फिलाडेल्फियातील स्कूलकिल नदीवरच्या पुलापासून रुळली. तो टिमथी पामर यांनी बांधला. छपराचा आग्रह न्यायाधीश रिचर्ड पीटर्स यांचा होता.

आपण पाहिलेला पूल कनेक्टिकट नदीवर त्या जागी बांधलेला चौथा पूल होय. पहिला १७९६ मधला. तिसरा १८६६ च्या मार्चमधील पुराने वाहून नेला आणि त्याच वर्षी जेम्स टास्कर व बेला फ्लेचर यांनी ९,००० डॉलर खर्चात आजचा पूल उभा केला. सुमारे ४४९ फूट लांबीचा हा पूल पात्रातील एकाच खांबावर आणि दोन्ही काठांवर टेकलेला आहे. त्याच्या कैच्या अमेरिकन वास्तुविशारद इथिएल टाउन यांनी १८२० मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेवर आधारलेल्या आहेत. या रचनेत तिरप्या फळ्या एकमेकींना छेदून त्यांची जाळी लाकडी खुंट्यांनी जखडली जाते. सामान्य सुतारालाही जमेल अशी ही रचना असल्यामुळे ती खेडोपाडी पसरली. येथे मात्र फळ्यांऐवजी जाड तुळया खाचा पाडून बसवल्या आहेत, आणि माझ्या मते या पुलाचे खरे वैभव त्या जाळीत आहे.

प्रवेशद्वारावरील पाटी आपण वाचली असेलच : घोडे सावकाश, चालीच्या गतीने न्या, अन्यथा दोन डॉलर दंड. घोडे दुडक्या चालीने गेले की तालबद्ध हादऱ्यांनी सांधे सैल होतील, अशी भीती होती.

केवळ छपराने मात्र हा पूल वाचला नाही. पूर आणि वाहत्या हिमखंडांचे तडाखे बसले, तेव्हा त्याची वेळोवेळी डागडुजी झाली. १९३६ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्याने तो विकत घेतला, पथकर १९४३ मध्ये थांबला आणि १९८९ मध्ये मोठी दुरुस्ती पूर्ण झाली. तीत थर चिकटवून तयार केलेले नवे लाकूड वापरले गेले. जुन्या बांधकामात असे लाकूड घालणे काहींना खटकते. मला ते योग्य वाटते, कारण त्यामुळेच आजही या पुलावरून मोटारी जातात आणि त्यांचा भार ती लाकडी जाळीच पेलते.