लिव्हर मऊ झाला? आधी पाइप बघा
जुन्या मोटरसायकलच्या डिस्क ब्रेकविषयी वाचकांचे प्रश्न

माझ्याकडे 2006 ची पल्सर 150 आहे. पुढचा ब्रेक दाबला की लिव्हर जवळजवळ मुठीला टेकतो, दोन-तीनदा भराभर दाबला की कडक होतो. गॅरेजवाल्याने वरून ब्रेक ऑईल टाकून दिलं, चार दिवस बरं वाटलं. पाइप बदलायलाच हवा का? (कऱ्हाड)

हो, बदला. आणि वरून ऑईल टाकणं थांबवा. हँडलवरच्या ब्रेक ऑईलच्या डबीतली पातळी दोनच कारणांनी उतरते. पॅड झिजले की कॅलिपरचे (चाकाजवळ डिस्कला पॅडने चिमटणाऱ्या भागाचे) पिस्टन बाहेर सरकतात आणि त्यांच्यामागची जागा ऑईल भरून काढतं, हे एक. नाहीतर कुठेतरी गळती आहे. म्हणून डबी उघडण्याआधी पॅड बघायचे. झिजलेल्या पॅडवर डबी काठोकाठ भरली, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की तेच ऑईल उतू जाऊन टाकीच्या रंगावर येतं.

दोष कुठे आहे ते लिव्हर हाताला सांगतो. भराभर दाबल्यावर कडक होत असेल, तर आत हवा आहे. दाबून धरल्यावर हळूहळू मुठीकडे खचत असेल आणि बाहेर कुठे ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरमधलं (लिव्हरजवळच्या, ऑईलवर दाब देणाऱ्या भागातलं) रबर गेलं. कडक होऊनही स्पंजासारखा लागत असेल, तर पाइप मुठीत धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी लिव्हर जोरात दाबायला सांगा. जुना पाइप हाताखाली फुगताना कळतो.

गेल्या पावसाळ्यात एका गाडीचा असाच पाइप काढला आणि ब्लेडने उभा चिरून पाहिला. बाहेरून काळा, तकतकीत. आतलं रबर मात्र फुगून भोक निम्म्यावर आलं होतं आणि भिंतीला तपकिरी साय धरली होती. बाहेर निघालेलं ऑईल टपरीवरच्या कडक चहाच्या रंगाचं होतं. नवं ऑईल फिकट पिवळं असतं. गाडी किती किलोमीटर चालली याच्याशी याचा संबंध नाही. रबर वर्षांनी म्हातारं होतं, गाडी शेडमध्ये उभी असली तरी. यामाहाच्या मॅन्युअलमध्ये ब्रेक ऑईल दर 2 वर्षांनी आणि पाइप दर 4 वर्षांनी बदलायला सांगितलेलं असतं. तुमचा पाइप मूळचा असेल, तर त्याचं आयुष्य केव्हाच संपलं आहे.

साधा रबरी पाइप घ्यावा की स्टीलची जाळी असलेला? (नाशिक)

रोज कामावर जायची गाडी असेल, तर कंपनीचा रबरी पाइप उत्तम. जाळीच्या पाइपात आत टेफ्लॉनची नळी असते. ती दाबाखाली फुगत नाही, म्हणून लिव्हर कडक लागतो. पण घासलेले टायर आणि काच झालेले पॅड तसेच ठेवून नुसत्या पाइपने गाडी लवकर थांबेल, असं समजू नका. जाळीचा घ्याल तर वर प्लास्टिकचं आवरण असलेलाच घ्या, कारण उघडी जाळी मडगार्डला आणि फोर्कला कानशीसारखी घासते. लांबी जुन्या पाइपाइतकीच हवी आणि टोकांचा बाकही तोच हवा. बिननावाचा, स्वस्तातला जाळीचा पाइप मी कुणाच्याच गाडीला लावणार नाही.

दादा, मी पहिल्यांदाच हे काम घरी करणार आहे. गाडी भावाची जुनी करिझ्मा. काय काय लागेल आणि माझं कुठे चुकू शकतं? (पुणे)

नवा पाइप, तांब्याचे चार नवे वायसर, डॉट 4 दर्जाच्या ब्रेक ऑईलची सीलबंद छोटी बाटली, बँजो बोल्टला (पाइपाचं टोक जोडणाऱ्या पोकळ बोल्टला) बसणारा रिंग पाना (बहुतेक 12 किंवा 14 चा), निप्पलला (कॅलिपरवरच्या हवा काढायच्या छोट्या स्क्रूला) 8 चा रिंग पाना, निप्पलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी आणि एक काचेची बाटली. शिवाय बादलीभर पाणी शेजारी हवंच. ब्रेक ऑईल रंग खातं. टाकीवर ओलं फडकं पसरून ठेवा आणि थेंब पडलाच, तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता.

डबीच्या झाकणाचे स्क्रू हा पहिला धोका. जुन्या गाडीत ते गंजून बसलेले असतात आणि मऊ असतात. डोकं नेमकं भरेल असा स्क्रूड्रायव्हर लावा, वरून हातोडीने हलके ठोके द्या, मगच फिरवा. घाईने फिरवलात तर डोकं गोल होईल आणि दिवस त्यातच जाईल.

जुनं ऑईल आधी सिरिंजने ओढून घ्या. पाइप काढण्यापूर्वी तो कुठून कसा वळून जातो, त्याचा फोटो काढा. बँजोच्या, म्हणजे पाइपाच्या टोकाच्या गोल कडीच्या, दोन्ही बाजूंना एकेक असे प्रत्येक टोकाला दोन वायसर बसतात. तांबं दाबून एकदाच आकार घेतं, म्हणून जुने पुन्हा वापरायचे नाहीत. बँजो बोल्टचा टॉर्क, म्हणजे तो किती जोराने आवळायचा, ते मॅन्युअलमध्ये पाहा. बऱ्याच गाड्यांत तो 25 ते 35 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. मास्टर सिलिंडर ॲल्युमिनियमचा असतो, लांब दांडीच्या पान्याने जोर लावलात तर आटे निघून येतील.

बसवून झालं की हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, मग फोर्क खाली दाबून आणि वर ओढून बघा. पाइप कुठेही ताणला, पिळला किंवा टायरजवळ गेला नाही पाहिजे. ऑईल डिस्कवर सांडलं, तर ती ब्रेक क्लीनरने स्वच्छ होते. पॅडला मात्र लागलं, तर पॅड नवेच घ्या.

पाइप बदलला, दोन तास पंप मारतोय, निप्पलमधून थेंबही नीट येत नाही. लिव्हर अगदी ढिला. मास्टर सिलिंडर गेला का? (चिपळूण)

बहुधा नाही. पूर्ण रिकाम्या पाइपात असंच होतं, कारण मास्टर सिलिंडर हवा ढकलत नाही, नुसती दाबून परत सोडतो. भराभर पंप मारलेत तर हवेचे बारीक बुडबुडे होऊन ऑईलमध्ये मिसळतात आणि काम आणखी लांबतं.

आधी वरची हवा काढा. गाडी साइड स्टँडवर घ्या आणि हँडल असं वळवा की बँजोचं टोक डबीपेक्षा खाली राहील. डबी भरून, झाकण न लावता, लिव्हर जेमतेम पाच मिलिमीटर दाबा आणि सोडा. पुन्हा दाबा, सोडा. डबीच्या तळाच्या बारीक भोकातून मोहरीएवढे बुडबुडे वर येताना दिसतील. ते थांबेपर्यंत, पंधरा मिनिटं लागली तरी, हेच करत राहा. मधूनमधून पाइपवर बोटाने टिचक्या मारा. या वेळी लिव्हर जोरात दाबला तर कारंजं उडतं, चष्मा लावा.

मग कॅलिपर. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडवून ठेवा. लिव्हर सावकाश तीनदा दाबा, चौथ्यांदा दाबून धरा, निप्पल पाव फेरा सैल करा, हवा आणि ऑईल बाहेर पडलं की निप्पल बंद करा आणि त्यानंतरच लिव्हर सोडा. आधी सोडलात तर आत हवा परत ओढली जाते. डबी निम्म्याखाली जाऊ देऊ नका. ती एकदा रिकामी झाली की पहिल्यापासून सुरुवात. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये लिव्हर पार मुठीला टेकू देऊ नका, मध्ये लाकडाचा तुकडा ठेवा. एरवी पिस्टन जिथवर कधी जात नाही तिथे गंज असतो आणि रबर त्यावर घासून फाटतं.

यानेही जमलं नाही, तर मेडिकलमधून 50 मिलिची सिरिंज आणा आणि निप्पलमधून ऑईल खालून वर ढकला. हवेला वरच जायचं असतं, त्यामुळे रिकाम्या पाइपाला हा मार्ग मला सगळ्यात आवडतो. डबी भरत येईल, ती दुसऱ्या सिरिंजने उपसत राहा. उलट निप्पलला सिरिंज लावून ऑईल खाली ओढत असाल, तर निप्पलच्या आट्यांतून बाहेरची हवा येते आणि नळीतले बुडबुडे संपतच नाहीत. ती हवा आतली नाही, घाबरू नका.

आणखी एक गोष्ट बघा, निप्पल कॅलिपरच्या वरच्या अंगाला आहे ना? कुणी दुसऱ्या गाडीचा कॅलिपर बसवला असेल आणि निप्पल खाली आलं असेल, तर वरच्या कप्प्यातली हवा कधीच निघणार नाही. कॅलिपर सोडवून निप्पल वर येईल असा धरा, पॅडमध्ये लाकडी पट्टी घाला आणि मग हवा काढा.

झालं असं वाटलं की लिव्हर पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरा आणि दोन्ही बँजोंना व निप्पलला टिश्यू पेपर लावून बघा. कागद कोरडा आणि लिव्हर जागेवर, तरच गाडी आवाराबाहेर. तीही आधी चालण्याच्या वेगाने.

दुकानदार म्हणतो डॉट 5 सगळ्यात भारी. घालू का? (लातूर)

नको. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते डॉट 3 किंवा 4 मध्ये मिसळत नाही. डॉट 5.1 वेगळं, ते 4 च्याच जातीचं आहे. डबीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच घाला. इंजिन ऑईल किंवा केरोसीन मात्र धुण्यापुरतंही लावू नका, ब्रेकची रबरं त्याने फुगतात.

आंबा घाटातून कोकणात उतरताना निम्म्यात लिव्हर रिकामा झाला. अर्धा तास थांबलो, तर पुन्हा नीट. मेकॅनिकला काहीच सापडलं नाही. (कोल्हापूर)

त्याला थंड गाडी दाखवली, म्हणून सापडलं नाही. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 नवं असताना किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण 3.7 टक्के पाणी शिरलं की ती हमी 155 अंशांवर येते. सतत उतारावर कॅलिपर तापला, ऑईल उकळलं, वाफ झाली. वाफ दाबली जाते, म्हणून लिव्हर रिकामा. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी. ऑईल पूर्ण बदला, आणि फडताळात वर्षभर उघडी पडलेली बाटली वापरू नका, तिनेही तेवढ्याच दमट हवेत श्वास घेतलाय. घाट उतरताना दुसरा-तिसरा गिअर ठेवा, मागचा ब्रेकही वापरा, आणि लिव्हर मऊ लागला की पुढचं वळण यायच्या आत थांबा.

सगळं नवं केलं. आता दोन-तीन किलोमीटर गेलं की पुढचं चाक जाम होतं. (सांगली)

पुन्हा जाम होईल तेव्हा वरचा, मास्टर सिलिंडरचा बँजो फडकं धरून किंचित सैल करा. चाक सुटलं, तर दाब वरच अडकतोय. नाही सुटलं आणि खालचं निप्पल उघडल्यावर सुटलं, तर पाइप तुंबलाय किंवा पिळलाय. निप्पल उघडूनही सुटलं नाही, तर कॅलिपरचे पिस्टन किंवा पिना गंजल्यात.

तुमच्या वर्णनावरून मला पहिली शक्यता वाटते. डबीच्या तळाशी दोन भोकं असतात, एक मोठं आणि एक सुईच्या टोकाएवढं. तापून वाढलेलं ऑईल त्या बारीक भोकातून परत येतं. जुन्या ऑईलचा गाळ तिथे जेलीसारखा बसतो. काही गाड्यांत त्यावर पत्र्याची छोटी टोपी असते, ती आधी काढा. मग विजेच्या वायरमधली तांब्याची एकच बारीक तार हलकेच आत घालून भोक मोकळं करा, सुईने किंवा ड्रिलने मोठं करू नका. लिव्हर बाहेरचा, दुसऱ्या कंपनीचा बसवला असेल, तर तो सोडल्यावर थोडी तरी खेळती जागा राहते का ते बघा. पिस्टन किंचितही दाबलेला राहिला, तरी ते भोक झाकलं जातं आणि चाक जाम होतं.