एक्झोडसचा 'पर्सोना नॉन ग्राटा' ऐकावा का, की थ्रॅश बँडचे फक्त जुनेच अल्बम ऐकावेत?

ऐका, नक्की ऐका. एवढ्यावरच थांबलो असतो, पण प्रश्नाखाली तुम्ही जे लिहिलंय ना, की 'पन्नाशी उलटलेले लोक एवढं फास्ट खरंच वाजवतात की ड्रम कॉम्प्युटरवर बसवलेले असतात', ते वाचून राहवलं नाही. मी ड्रमर आहे, चाळिशी कधीच ओलांडलीये आणि अजूनही थ्रॅशच, म्हणजे हेवी मेटलचा तो फास्ट प्रकारच वाजवतो, त्यामुळे माझ्यासाठी हा नुसता एका अल्बमचा प्रश्न नाहीये.

आधी अल्बमबद्दल थोडं. एक्झोडस हा अमेरिकेतला जुना थ्रॅश बँड. त्यांचा हा अल्बम आला नोव्हेंबर २०२१ मधे, आणि त्याच्या आधीचा 'ब्लड इन, ब्लड आउट' होता २०१४ चा. मधली सात वर्षं बँड झोपला नव्हता. एक्झोडसचा गिटारिस्ट गॅरी होल्ट २०११ पासून स्लेयर या दुसऱ्या थ्रॅश बँडमधे वाजवत होता, त्यांचा गिटारिस्ट जेफ हॅनेमन आजारी पडला म्हणून आधी तात्पुरता आणि २०१३ मधे हॅनेमन गेल्यावर पूर्णवेळ, ते पार २०१९ च्या अखेरीस स्लेयरची निरोपाची टूर संपेपर्यंत. तोपर्यंत एक्झोडस बऱ्याच टूर त्याच्याशिवाय करत होते. मग तो मोकळा झाला आणि लगेच २०२० उजाडलं, टूर बंद, सगळं बंद, तेव्हा या लोकांनी ड्रमर टॉम हंटिंगच्या घरीच मुक्काम ठोकून अल्बम रेकॉर्ड केला. बँडच्या अगदी सुरुवातीपासूनचा माणूस आहे हा टॉम, म्हणजे कर्क हॅमेट मेटॅलिकात जायच्या आधी ज्या एक्झोडसमधे होता त्या एक्झोडसमधला. मधे दोनदा बाहेर पडला आणि दोन्ही वेळा परत आला. १९८५ च्या 'बॉंडेड बाय ब्लड'वर तोच आहे आणि २०२१ च्या या अल्बमवरही तोच. छत्तीस वर्षांचं अंतर आहे, आणि दोन्ही लागोपाठ ऐकलेत तर हात त्याच माणसाचे आहेत हे कानाला कळतं.

आता माझ्याकडे येतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचा बँड कॉलेजपासूनचा. सगळ्यांच्या नोकऱ्या, संसार, मधे बराच काळ काही वाजवलं नाही, मग पुन्हा जमलो आणि ठरलं की आपली जुनी गाणी एकदाची नीट रेकॉर्ड करायची. मी रोज प्रॅक्टिस पॅडवर बसायला लागलो, ऑफिसला जायच्या आधी, कारण रात्री शेजारी ओरडतात. हळूहळू स्पीड परत येत होता. आणि एक दिवस गिटारिस्टने आमच्या ग्रुपवर एक फाइल टाकली, सगळी गाणी, ड्रम पूर्ण प्रोग्राम केलेले, म्हणजे कोणी न वाजवता कॉम्प्युटरवर बसवलेले. मला आधी एका शब्दाने विचारलं नाही. फोन केला तर म्हणतो, "अरे, रागावू नकोस, पण थ्रॅश हा पोरांचा खेळ आहे, आपल्या वयात हात पुरत नाहीत. लाइव्हला तूच वाजव ना, रेकॉर्डिंगला हे राहू दे. सगळे तेच करतात, ते मोठे बँडसुद्धा." बासिस्ट मधे पडला नाही. व्होकलिस्ट म्हणाला, तुम्ही दोघं काय ते ठरवा.

'सगळे तेच करतात' हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. कोण सगळे? ड्रमर जीन होगलान १९८६ मधे डार्क एंजल या थ्रॅश बँडच्या 'डार्कनेस डिसेंड्स'वर वाजवत होता तेव्हा विशीतही नव्हता, आणि तोच माणूस २०१२ मधे टेस्टामेंटच्या 'डार्क रूट्स ऑफ अर्थ'वर आहे, २०२० च्या 'टायटन्स ऑफ क्रिएशन'वरही आहे. अँथ्रॅक्सचा ड्रमर चार्ली बेनांटेचा जन्म १९६२ चा, त्यांचा 'फॉर ऑल किंग्ज' आला २०१६ मधे, करा हिशोब. या लोकांचे लाइव्ह व्हिडिओत मी वर्षानुवर्षं नुसते पाय बघत बसलोय, चेहऱ्याकडे लक्षच नसतं माझं.

तर पुढच्या प्रॅक्टिसला मी 'पर्सोना नॉन ग्राटा'चं टायटल साँग लावलं. सात मिनिटांच्या वरचं गाणं आहे, पहिलंच. गिटारिस्टने अर्धं ऐकलं आणि म्हणाला, एडिट केलंय, ग्रिडवर बसवलंय (म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक ठोका सरकवून अचूक तालात बसवलाय), एवढं एकसारखं कोणी वाजवत नाही. मग मी किटवर बसलो आणि गाणं परत लावायला सांगितलं आणि त्याच्यासोबत वाजवलं, पूर्ण. टॉमसारखं नाही वाजलं, टॉम हंटिंग तो टॉम हंटिंग. पण स्पीड पकडला आणि शेवटपर्यंत सोडला नाही, फास्ट भागात स्नेअर मागे पडला नाही, डबल बास, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायचा बास ड्रम, विस्कटला नाही. खोलीत सगळ्यांनी ऐकलं. आणि तरी त्याचं उत्तर काय, तर "भारीच वाजवलंस रे, पण फाइल तयार आहे ना आता."

मी त्याच महिन्यात बँड सोडला. रेकॉर्डिंग त्या फाइलवरच निघालं. ऐकलंय मी, गिटार उत्तम आहेत, आणि ड्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच ताकदीने पडतात, मग रिफ, म्हणजे गिटारचा परत परत येणारा तुकडा, कुठलाही असो. थ्रॅशमधे ड्रमर गिटारिस्टच्या उजव्या हाताला धरून चालतो, रिफ आवळला की तोही आवळतो, सोलो सुटला की जरा पुढे ढकलतो. फाइल कोणाचंच ऐकत नाही.

आणि वयाचं म्हणाल तर जे वाजवतात त्यांना माहिती असतं की या वाजवण्यात नुसती ताकद फार कामाची नसते. विशीतला मुलगा स्टिक डोक्याच्या वर नेऊन मारतो, दोन गाण्यांत त्याचा दंड भरून येतो. चाळिशीनंतर ज्याने सोडलेलं नाही तो स्टिक खाली ठेवतो, मनगट आणि बोटांनी उसळी पकडतो, पाय मांडीतून न मारता घोट्यातून चालवतो. स्पीड तोच, कष्ट कमी. म्हणून असे ड्रमर दीड तास वाजवू शकतात. अट एकच, रोज बसायला लागतं, महिनाभर खंड पडला तर विशीतल्यापेक्षा परत यायला खूप वेळ जातो. हे खरं आहे आणि हे मी कोणापासून लपवत नाही.

टॉम हंटिंगचं मात्र पुढचं ऐका. अल्बम रेकॉर्ड झाला आणि २०२१ च्या सुरुवातीला त्याला पोटाचा कॅन्सर निघाला. अल्बमची रिलीज पुढे ढकलली. जुलैमधे ऑपरेशन करून त्याचं पूर्ण जठर काढलं, पूर्ण. आणि ऑक्टोबरमधे हा माणूस परत स्टेजवर, एक्झोडसच्या गाण्यांवर, त्याच स्पीडला. बरेच जण ठोकून देतात की कॅन्सर अंगावर घेऊन त्याने अल्बम वाजवला, तसं नाहीये, रेकॉर्डिंग निदानाच्या आधीचं आहे. पण मला विचाराल तर जठराशिवाय तीन महिन्यांत परत किटवर बसणं ही त्याहून मोठी गोष्ट आहे. हे मी आमच्या गिटारिस्टला बातमीसकट पाठवलं होतं. त्याने अंगठा पाठवला.

तुमच्या मूळ प्रश्नावर येतो. जुनेच ऐकावेत का? 'बॉंडेड बाय ब्लड' ऐकायचाच आहे, त्यात वादच नाही, त्या वेळचा गायक पॉल बॅलॉफचा तो आवाज दुसरीकडे कुठे मिळणार, २००२ मधे गेला बिचारा. पण जुनंच ऐकणारे लोक २००४ चा 'टेम्पो ऑफ द डॅम्ड' सोडून देतात आणि हाही सोडून देतात, आणि मग 'थ्रॅश आता मेला' म्हणत फिरतात, त्याचा मला राग येतो. टायटल साँगपासूनच सुरू करा, मग 'स्लिपिंग इनटू मॅडनेस', मग 'क्लिकबेट'. 'प्रिस्क्रायबिंग हॉरर' सावकाश आणि जड आहे, थॅलिडोमाइड औषधामुळे व्यंग घेऊन जन्मलेल्या बाळांवर आहे, ते चालताफिरता ऐकायचं गाणं नाही. 'कोसा देल पांतानो' हा मिनिटभराचा गिटारचा तुकडा आहे, तो ओलांडू नका, तो थेट 'लुनॅटिक लायर लॉर्ड'मधे घुसतो आणि त्या गाण्यात टॉमने जे काही केलंय त्यासाठी तरी अल्बम घ्यावा.

तक्रारीही आहेत. तासाभराचा अल्बम आहे आणि तो पंचेचाळीस मिनिटांत संपला असता तर जास्त लागला असता, 'एलिटिस्ट' तर मी दर वेळी पुढे ढकलतो. या अल्बमवरचा गायक स्टीव्ह 'झेट्रो' सूझाचा चिरका आवाज कित्येकांना पहिल्या गाण्यातच नको होतो, त्यांना मी समजावायला जात नाही. मिक्सिंग अँडी स्नीपचं आहे, म्हणजे साउंड एकदम साफ आणि आजचा, ८५ चा खरखरीतपणा शोधायला जाल तर मिळणार नाही. आणि हो, ड्रमवर थोडीफार साफसफाई आजकाल जवळजवळ सगळीकडे होते, इथेही झाली असेल, मी स्टुडिओत नव्हतो. पण वाजवलेल्यावर हात फिरवणं आणि न वाजवताच बसवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माणसाला न विचारता बसवणं ही तर तिसरीच.

तुम्ही स्वतः बँडमधे असाल आणि तुमचा ड्रमर वयाने मोठा असेल, तर फाइल बनवायच्या आधी त्याला किटवर बसवा आणि समोर उभं राहून ऐका. नाही जमलं त्याला, तर त्याच्या तोंडावर सांगा, तो ऐकून घेईल. ग्रुपवर फाइल टाकू नका.

बाकी झेट्रो जानेवारी २०२५ पासून बँडमधे नाहीये, आधीचा गायक रॉब ड्यूक्स परत आलाय, म्हणजे झेट्रोचा एक्झोडससोबतचा शेवटचा स्टुडिओ अल्बम हाच. हेडफोन लावून ऐका, फोनच्या स्पीकरवर बास ड्रम कळतच नाही.