तालमीची जागा अध्यक्षांच्या नावावर, आणि वारस विकायला निघालेत

प्रश्न : कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या आमच्या हौशी नाट्यमंडळाने 1979 साली तालमीसाठी एक जुनं घर घेतलं. पैसे वर्गणीचे आणि तिकीटविक्रीचे. मंडळाची नोंदणी नसल्याने खरेदीखत अध्यक्षांच्या नावे झालं. 1983 मध्ये संस्था रीतसर नोंदली. अध्यक्ष शेवटपर्यंत पदावर होते, गेल्या वर्षी वारले. आता उताऱ्यावर त्यांच्या मुलांची नावं लागली असून ते जागा विकणार आहेत. "गिऱ्हाईक मिळेपर्यंत अकरा महिन्यांचा भाडेकरार करा आणि तालमी चालू ठेवा," म्हणतात. 2016 नंतर आम्ही संस्था निबंधकांकडे वार्षिक कागद दिलेले नाहीत. काय करावं? – कार्यवाह

उत्तर : कार्यवाहसाहेब, नमस्कार.

पहिली गोष्ट, त्या भाडेकरारावर सही करू नका. मुलं सद्भावनेने म्हणत असतील, पण भाडेकरू म्हणून सही केली की मालक ते, हे तुम्हीच कबूल केल्यासारखं होतं. मालक मानून भाडेकरार केलेल्याला पुढे त्याच मालकाचा हक्क सहजासहजी नाकारता येत नाही. चाळीसहून अधिक वर्षांचा तुमचा ताबा अकरा महिन्यांच्या कागदात अडकेल. किल्ल्या तुमच्याकडे आहेत, त्या तुमच्याकडेच राहू द्या. दारावर संस्थेची पाटी नसेल तर आजच लावा. जागेत प्रत्यक्ष कोण आहे याची चौकशी खरेदीदाराने केली पाहिजे, असं मालमत्ता हस्तांतरण कायदा मानतो. उद्या "मला ठाऊक नव्हतं" असं त्याला म्हणता येऊ नये.

उताऱ्यावरच्या नावांनी घाबरून जाऊ नका. उतारा करवसुलीसाठी असतो, त्याने मालकी ठरत नाही. खरी अडचण खरेदीखताची आहे. समोरचा वकील म्हणेल, "पैसे मंडळाचे, नाव दुसऱ्याचं, म्हणजे हा बेनामी व्यवहार. 1988 च्या कायद्याच्या कलम 4 प्रमाणे असा दावाच चालत नाही." याला उत्तर त्याच कायद्यात आहे. जो दुसऱ्याच्या भल्यासाठी विश्वासाच्या नात्याने मालमत्ता धारण करतो, त्याचा व्यवहार बेनामी ठरत नाही. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्सेल मार्टिन्स विरुद्ध एम. प्रिंटर या बेंगळुरूच्याच प्रकरणात, एका भावाच्या नावावरच्या जागेबद्दल, विश्वासाचं हे नातं मान्य केलं होतं. ते प्रत्येक प्रकरणात वस्तुस्थितीवरून ठरतं. म्हणजे तुमच्याकडे कागद काय आहेत, यावर सगळं आलं.

वार्षिक कागद थकल्याचं तुम्ही लिहिलंत, पण त्या कागदांतच तुमचा सर्वात मोठा पुरावा असण्याची शक्यता आहे. कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, 1960 च्या कलम 13 प्रमाणे वार्षिक सभेनंतर कार्यकारिणीची यादी आणि तपासलेला ताळेबंद निबंधकांकडे द्यायचा असतो. तुम्ही 2016 पर्यंत तो देत होता. त्या ताळेबंदांत मालमत्तेच्या बाजूला "तालीमगृह" किंवा "इमारत" अशी नोंद आहे का, आणि खाली अध्यक्षांची सही आहे का, हे पाहा. असेल, तर ज्यांच्या नावावर खरेदीखत आहे त्यांनीच वर्षानुवर्षं सरकारी कचेरीत लिहून दिलं आहे की जागा संस्थेची. वारसांचा हक्क वडिलांकडूनच आलेला, त्यामुळे वडिलांचं हे म्हणणं मुलांविरुद्धही वाचलं जातं. जिल्हा संस्था निबंधकांच्या कार्यालयातून सगळ्या वर्षांच्या प्रमाणित नकला आधी काढा. जुन्या फायली गहाळ व्हायला वेळ लागत नाही.

जोडीला 1979 ची इतिवृत्ताची वही, वर्गणीची पावतीपुस्तकं, बँकेचं पासबुक, घरपट्टीच्या पावत्या, हेस्कॉम या वीज कंपनीची बिलं. पासबुकातली पैसे काढल्याची तारीख खरेदीखताच्या तारखेला लागून असेल तर सोन्याहून पिवळं. योग्य ताब्यातून आलेल्या तीस वर्षांवरच्या कागदाची सही खरी आहे असं न्यायालय गृहीत धरू शकतं, म्हणून जुनी वही कुठे सापडली, कोणाकडे होती, हे लिहून ठेवा. मराठी कागदांचं कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर लागेल. ते जाणकाराकडूनच करून घ्या. "मंडळासाठी घेतलेली" आणि "मंडळाला वापरायला दिलेली" यांत सगळा खटला आहे. 1983 नंतर जुन्या मंडळाची मालमत्ता नव्या संस्थेकडे घेतल्याचा ठराव आहे का, तेही शोधा. आज मागची तारीख घालून मात्र काही लिहू नका. एक खोटा कागद बाकीच्या दहा खऱ्यांना बुडवतो.

राहिलेल्या वर्षांचे कागद लेखापरीक्षण करून, दंड भरून देऊन टाका. ते दिले नाहीत म्हणून नोंदणी आपोआप जात नाही, पण निबंधक ती रद्द करण्याची नोटीस काढू शकतात आणि समोरचा वकील हा मुद्दा काढणारच. मग कार्यकारिणीची सभा रीतसर बोलवा आणि दावा करण्याचा अधिकार कोणाला, याचा ठराव करा. नियमावलीत कोणाचं नाव आहे ते आधी पाहा.

दावा मालकीच्या घोषणेचा आणि कायम मनाईचा, सोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज. कोर्ट फी जागेच्या निम्म्या बाजारभावावर लागते, तेव्हा सभासदांना आतापासून कल्पना द्या. घोषणेच्या दाव्याला हक्क नाकारल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, म्हणून मुलांनी जागा आपली म्हटल्याची तारीख टिपून ठेवा. विश्वस्ताच्या वारसांविरुद्ध मुदतीची आडकाठी नसल्याचं मुदत कायद्याचं कलम 10 सांगतं, पण मोल देऊन घेणाऱ्याला ते लागू नाही. म्हणून विक्री होण्याआधी हलायचं. एक मराठी आणि एक कन्नड दैनिकात जाहीर नोटीस द्या. उपनिबंधकांना पत्र द्यायला हरकत नाही, पण तेवढ्याने दस्तनोंदणी थांबेल या भरवशावर राहू नका.

इतकी वर्षं वापरली म्हणून जागा आमची, असा प्रतिकूल ताब्याचा मुद्दा कोणी सुचवेल. मला तो पटत नाही. अध्यक्षांनी जागा संस्थेसाठीच धरली म्हणायचं आणि त्यांच्याच विरुद्ध ताबा होता म्हणायचं, हे एका दाव्यात बसत नाही.

नोटीस देण्याआधी मुलांना एकदा घरी जाऊन भेटा. ताळेबंदांवरच्या वडिलांच्या सह्या त्यांनी कदाचित पाहिल्याही नसतील. खानापूर भागातल्या जत्रांमधून नाटक जगवणारी मंडळं अशाच लोकांनी उभी केली, आणि त्या माणसाचं नाव तालीमगृहाला देणं संस्थेला जड नाही. मुलं तयार झाली तर सगळ्या वारसांच्या सह्यांचा नोंदणीकृत दस्त संस्थेच्या नावे करून घ्या. साध्या स्टँपपेपरवरचं लिहून दिलेलं पुरणार नाही. तयार झाली नाहीत, तर त्याच आठवड्यात न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे आगाऊ हरकतीचा अर्ज, दाखल करा. ते 90 दिवस चालतं, आणि तुमचं न ऐकता त्यांना मनाईहुकूम मिळण्याची वाट बंद होते. वकिलाकडे जाताना वहीची झेरॉक्स न्या, मूळ वही बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा.