हक्क बजावतात, अधिकार गाजवतात

प्रश्न असा आला आहे: पॅलेस्टाईनच्या बातम्यांत कुठे 'स्वयंनिर्णयाचा अधिकार' असतं, कुठे 'स्वयंनिर्णयाचा हक्क'. बरोबर कोणतं? आणि 'स्वयंनिर्णय' लिहावं की 'आत्मनिर्णय'?

हक्क. उत्तर खरं तर इथेच संपतं. पण परवा एका वाहिनीवर निवेदक म्हणाला, 'पॅलेस्टिनींना स्वयंनिर्णयाचा अधिकार बहाल करावा, ही मागणी जोर धरते आहे', आणि माझा चहा तसाच राहिला. एका वाक्यात दोन घोळ. 'बहाल' म्हणजे फारसी 'ब-हाल', होता त्या स्थितीत. जप्त झालेलं वतन पुन्हा चालू झालं की ते बहाल झालं. आपण मात्र हा शब्द सत्कारातल्या शालीसारखा वाटेल त्याच्या खांद्यावर टाकतो. निवेदकाच्या मनात मूळ अर्थ असता तर मी त्याला फोन करून शाबासकी दिली असती. तसं काही नव्हतं.

अधिकार आणि हक्क यांचे कोशातले नेहमीचे अर्थ सांगत बसत नाही. त्यांच्यासोबत येणारी क्रियापदं बघा, मराठीनं हा निवाडा केव्हाच करून ठेवलाय. हक्क बजावतात, अधिकार गाजवतात. अधिकार काढून घेता येतो. हक्क डावलतात, नाकारतात, हिरावतात, पण तो राहतो ज्याचा त्याचाच. 'हक्काचं घर' म्हटलं की चार भिंती डोळ्यांपुढे येतात. 'अधिकाराचं घर' म्हणून बघा बरं. सरकारी क्वार्टर आठवतं, बदलीचा हुकूम आला की खाली करायचं.

आपलं सरकारी मराठीही इथे सहसा चुकत नाही. संविधानात 'मूलभूत हक्क' आहेत, हिंदीत 'मूल अधिकार'. आयोग मानवी हक्कांचा, कायदा शिक्षणहक्काचा. 'माहितीचा अधिकार' तेवढा निसटला आणि तेव्हापासून सगळे त्याच पायवाटेनं चाललेत.

संस्कृत अधिकार म्हणजे 'अधि' आणि 'कृ', वर ठेवणं. पाणिनीची अधिकारसूत्रं आठवा. 'कारके' असं एकदा म्हटलं की पुढच्या सूत्रांवर त्याची सत्ता, आणि मर्यादा आली की सत्ता खलास. आता पॅलेस्टाईनकडे या. १९२२ मध्ये राष्ट्रसंघानं (लीग ऑफ नेशन्स) ब्रिटनला तिथला कारभार सोपवला. त्या व्यवस्थेचं नाव मँडेट, मूळ लॅटिन अर्थ 'हाती दिलेलं'. १९४८ च्या मे महिन्यात मुदत संपली आणि ब्रिटिश निघून गेले. याला म्हणतात अधिकार! पाणिनीच्या सूत्रासारखा सुरू झाला, सूत्रासारखाच संपला. तिथे राहणाऱ्यांचं जे होतं ते कुणी हाती दिलेलं नव्हतं, म्हणून ते त्या मध्यरात्री संपलंही नाही.

त्याआधीचा, २ नोव्हेंबर १९१७ चा ब्रिटिश सरकारचा बाल्फोर जाहीरनामाही हक्कांबद्दल बोलतो. इंग्रजीत जेमतेम ६७ शब्द. ज्यूंसाठी 'राष्ट्रीय वस्तिस्थान', आणि तिथल्या बहुसंख्य अरबांचा उल्लेख काय, तर 'विद्यमान बिगर-ज्यू समाज'. त्यांच्या 'नागरी आणि धार्मिक' हक्कांना बाधा येऊ नये म्हणे. 'राजकीय' हे विशेषण तिथे नाही. इतर देशांतल्या ज्यूंबद्दल लिहिताना मात्र 'राजकीय दर्जा' आठवणीनं घातलाय. भाषेच्या माणसानं मजकुरात काय आहे ते वाचावंच, काय गाळलंय ते दोनदा वाचावं.

आता माझ्या लाडक्या मुद्द्याकडे येतो, थोडं सहन करा.

'हक्क' अरबी आहे हे शेंबडं पोरही सांगेल. त्या भाषेत या शब्दाचे दोन अर्थ: सत्य आणि हक्क. सूफींच्या 'अनलहक'मधला ('मीच सत्य') 'हक' सत्याचा. जॉर्डन नदीच्या पश्चिम किनाऱ्यावर (वेस्ट बँक) रामल्ला इथे १९७९ साली सुरू झालेली मानवी हक्कांची संस्था 'अल-हक', तिच्या नावात दोन्ही. (हिंदीनं 'हक' करून शेवटचं द्वित्व गमावलं. मराठीनं 'हक्क' हे जोडाक्षर जपलं, अगदी अरबीसारखं. याचं कौतुक कुणी करत नाही म्हणून मी करतो.) पण खरी गंमत शेजारच्या हिब्रूत आहे. तिथे याच धातूचा शब्द 'होक', आजच्या उच्चारात 'खोक'. अर्थ कायदा. आणि हिब्रूत त्या धातूचा मूळ अर्थ अजून शाबूत आहे: कोरणे. बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथात देव सियोनला, म्हणजे जेरुसलेमला, सांगतो की मी तुला माझ्या तळहातांवर कोरून ठेवलंय, तिथे हाच धातू. त्याच ग्रंथात अन्यायाचे कायदे 'कोरणाऱ्यांचा' धिक्कार आहे, तिथेही हाच.

म्हणजे हक्क कोणता, तर जो कोरलेला आहे तो. आपल्याकडे यासाठी शब्द नाही, आख्खी म्हण आहे: काळ्या दगडावरची रेघ. तीही खरेपणासाठीच वापरतो ना आपण? सत्य, कायदा, हक्क, तिन्हींच्या बुडाशी एक छिन्नी. कोकणातून इस्रायलला गेलेल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएली ज्यूंच्या घरांत 'होक' आणि 'हक्क' एकाच जेवणाच्या टेबलावर येत असतील. त्यांतल्या कुणी हे सख्खेपण कधी बोलून दाखवलं असेल तर मला ऐकायला आवडेल.

आमचे एक कोशप्रेमी स्नेही यावर नाक मुरडतात. अरबीत 'कोरणे' हा अर्थ चालत नाही, तिथे 'ठाम असणे' आहे, असं त्यांचं म्हणणं. अहो, कोरलेलं ठामच असतं! शिवाय, आजच्या हिब्रूत हक्काला 'होक' म्हणत नाहीत, 'झ्खूत' म्हणतात, हेही ते विजयी मुद्रेनं सांगतात. मान्य. पण मी धातूबद्दल बोलतोय, आजच्या दुकानातल्या पाटीबद्दल नाही. दुसरे एक भाषाशुद्धीवाले 'हक्क परका, अधिकार आपला' एवढ्यावरच थांबतात. त्यांना माझं एकच विचारणं, मतदानाचा अधिकार गाजवून दाखवा.

स्वयंनिर्णयाच्या हक्काला अरबी प्रतिशब्द 'हक्क तक्रीर अल-मसीर', शब्दशः आपली नियती ठरवण्याचा हक्क. यातल्या 'तक्रीर'चा धातू म्हणजे आपल्या करार, इकरार, मुक्ररचा. 'तक्रार' मात्र यांची नातलग नाही. तिचा 'क' अरबीत वेगळं अक्षर आहे आणि मूळ अर्थ 'पुन्हा पुन्हा करणे'. दोघांना एका कुळात घालणारे लेख वाचून माझं डोकं उठलंय. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावालाही अरबीत 'करार'च म्हणतात. २९ नोव्हेंबर १९४७ चा फाळणीचा ठराव म्हणजे 'करार अत-तक्सीम'. तक्सीम म्हणजे आपल्या वतनाच्या कागदांतली तक्षीम, वाटणीतला हिस्सा.

हिब्रूत स्वयंनिर्णय म्हणजे 'हगदारा अत्स्मित'. 'हगदारा' ज्या धातूचा, त्याच धातूचं 'गदेर' म्हणजे कुंपण. स्वयंनिर्णय म्हणजे आपलं कुंपण आपण घालणं! इस्रायलच्या २०१८ च्या मूलभूत कायद्यात, म्हणजे 'होक'मध्येच, लिहिलंय की इस्रायल राज्यात राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क फक्त ज्यू लोकांचा. आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या ज्या बांधकामाला इस्रायल 'गदेर' म्हणतं, त्याला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं ९ जुलै २००४ च्या मतात सरळ 'भिंत' म्हटलं, आणि त्यामुळे पॅलेस्टिनींच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काला बाधा येते असं सांगितलं.

कायद्यातही या शब्दाची बढती हळूहळू झाली. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेत स्वयंनिर्णय हे 'तत्त्व' आहे. १९६० च्या वसाहतमुक्तीच्या ठरावात आणि मानवी हक्कांच्या १९६६ च्या दोन करारनाम्यांत तो 'हक्क' झाला. पॅलेस्टिनींचं नाव घेऊन आमसभेनं तो १९७४ मध्ये मांडला. सुरक्षा परिषदेच्या १९६७ च्या गाजलेल्या २४२ क्रमांकाच्या ठरावात पॅलेस्टिनी हा शब्दच नाही, 'निर्वासितांचा प्रश्न' आहे. १९ जुलै २०२४ ला हेगच्या न्यायालयानं म्हटलं की १९६७ च्या युद्धात व्यापलेल्या प्रदेशातलं इस्रायलचं अस्तित्व बेकायदा आहे आणि ते लवकरात लवकर संपवावं. मत सल्ल्याच्या स्वरूपाचं, इस्रायलला अमान्य.

ज्यांनी तलाठ्याच्या कचेरीत हेलपाटे घातलेत त्यांना यातली मेख लगेच कळेल. कब्जा एकाचा, हक्क दुसऱ्याचा. आपल्याकडे बारा वर्षांच्या उघड वहिवाटीनं कब्जेदार जमिनीचा मालक होऊ बघतो. युद्धात व्यापलेल्या प्रदेशाला ही सोय नाही. १९६७ पासून कितीही वर्षं मोजा, कब्जा पिकून हक्क होत नाही. बेथलेहेमच्या आयदा या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावणीच्या कमानीवर एक भलीमोठी लोखंडी किल्ली आडवी ठेवलेली आहे. १९४८ मध्ये सोडलेल्या घरांच्या किल्ल्या लोकांनी जपून ठेवल्या, त्यांची ही प्रतिकृती. परतण्याच्या हक्काला तिकडे 'हक्क अल-औदा' म्हणतात. हक्काचं घर म्हणजे काय, ते त्या कमानीखालच्या पोरांना कोशात शोधावं लागत नाही.

अरे हो, 'आत्मनिर्णय'. हिंदीत चालतो, चालू द्या. मराठीत शब्दाआधी 'आत्म' लागला की माणूस ध्यानाला तरी बसतो नाहीतर चरित्र लिहायला घेतो. 'स्वयंनिर्णय' लिहा, अनुस्वार 'य'वर, आणि 'स्वयंम्' असं काही करू नका. हा हक्क एकट्यादुकट्याचा नाही, इंग्रजीत 'पीपल्स' म्हणतात त्यांचा आहे. भारतानं १९७९ मध्ये ते दोन करारनामे स्वीकारताना एक निवेदन जोडलं: हा हक्क परकीय अमलाखालच्या लोकांनाच, सार्वभौम देशातल्या एखाद्या गटाला नाही. म्हणजे सगळी भानगड त्या 'पीपल्स'मध्ये. त्याला मराठीत काय म्हणायचं? 'लोक' फार मोघम, 'जनता' निवडणुकीतली, 'राष्ट्र' म्हटलं की निकाल आधीच लागला, 'लोकसमूह' जनगणनेच्या तक्त्यातला. विचारण्यासारखा प्रश्न हा होता, आणि तो कुणी विचारला नाही.