सहा सिलिंडरच्या ट्रॅक्टरला ट्रकचा मोठा टर्बो लावावा का?

तुमच्या सहा लिटरच्या, सहा सिलिंडरच्या ट्रॅक्टरचा टर्बो बिघडलाय आणि मेकॅनिक म्हणतोय, ट्रकचा मोठा टाका, ताकद वाढेल. माझं ऐकाल तर टाकू नका. डिझेल पंप आणि टर्बोच्या कामात माझी बरीच वर्षं गेलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताकद डिझेल देतं. टर्बो ते डिझेल जाळायला हवा देतो. किती हवा लागेल, हे कागदावर मांडता येतं. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा भरून घेतं. म्हणजे २२०० आरपीएमला मिनिटात ११०० वेळा सहा लिटर. प्रत्यक्षात ९० टक्के भरतं असं धरा. बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, एक बार आणि इंटरकूलरमधून (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) आलेली हवा ६० अंश असेल, तर वजनाने ती मिनिटाला १२ किलोच्या आसपास जाते. एक किलो डिझेलला २२ किलो हवा मिळाली की काळा धूर न होता साधारण १९० एचपी निघतात. इंटरकूलर नसेल तर तीच हवा उन्हाळ्यात १२५ अंशांच्या वर जाते आणि वजन सहाव्या हिश्शाने घटतं. अशा वेळी टर्बो बदलण्याआधी इंटरकूलरचा विचार करा.

आता खरी गोष्ट. ट्रॅक्टर २२०० वर राहतो कुठे? काळ्या रानात पल्टी नांगर खोल बसला की आरपीएम पडत पडत १४०० वर येतात, आणि त्याच क्षणी पंप पूर्ण डिझेल देत असतो. तेव्हा इंजिन जेमतेम साडेसात किलो हवा घेतं. ट्रकवाला गिअर खाली टाकून सुटतो, तुम्हाला तासन्‌तास तसंच ओढायचंय. म्हणून टर्बोच्या कंप्रेसर मॅपवर (हवा दाबणारं चाक किती हवेला, किती दाबाला नीट चालतं ते दाखवणारा आलेख) १२ किलो आणि साडेसात किलो, दोन्ही ठिकाणी खूण करा. डावीकडच्या सर्ज रेषेपासून, म्हणजे नीट चालण्याच्या हद्दीपासून, दुसरी खूण चांगली आत हवी. कंप्रेसर मोठा असेल तर ती रेषा ओलांडली जाते, हवा उलटी फिरते, फुत्कारल्यासारखा आवाज येतो आणि शाफ्टला मागेपुढे सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग मार खातं.

टर्बाइन म्हणजे एक्झॉस्टच्या धुरावर फिरणारं चाक. त्याच्या हाउसिंगवर ए/आर आकडा, म्हणजे धुराची वाट किती मोठी याचं माप, कोरलेला असतो. तो लहान असेल तर टर्बो कमी आरपीएमला लवकर उठतो, मोठा असेल तर वर मोकळा श्वास घेतो पण खाली झोपतो. नांगरटीच्या ट्रॅक्टरला मी नेहमी लहानाकडे झुकतं माप देतो. फार लहानही नको, एक्झॉस्टचा दाब बूस्टच्या फार वर गेला की इंजिन कोंडतं.

माझ्याकडे असाच ट्रकचा टर्बो लावलेला एक ट्रॅक्टर आला होता. रोडवर ट्रॉली घेऊन मस्त पळायचा. नांगराला लावला की बूस्ट गेज अर्ध्यावर आणि धूर काळाकुट्ट. हेड उघडलं तर दोन पिस्टनच्या कडा मेणासारख्या वितळलेल्या. मालकाचा चेहरा मला अजून आठवतो. डिझेल वाढवलेलं, हवा नाही, मग उष्णता जाणार कुठे? त्यामुळे कुठलाही टर्बो लावा, टर्बाइनच्या आधी तापमानाचा गेज बसवाच. सतत लोडवर काटा ७०० अंशांच्या खाली ठेवा.

आणि नवा घ्यायच्या आधी जुना का बिघडला ते शोधा. शाफ्ट बोटांनी हलवून बघा. कंप्रेसरची पाती पुढच्या कडेला झिजून बोथट झाली असतील तर फिल्टर किंवा होजमधून धूळ गेलीय. शाफ्टचे बुश निळसर काळे पडले असतील तर ऑइल पोचलेलं नाही. ऑइलची परतीची नळी कुठेही न दबता सरळ खाली उतरायला हवी. बसवताना टर्बोच्या ऑइल इनलेटमध्ये ऑइल ओता, शाफ्ट हाताने फिरवा, मग इंजिन चालू न होऊ देता स्टार्टर मारत ऑइल प्रेशर येईपर्यंत थांबा. कंपनीचा मूळ नंबर जुन्या टर्बोच्या पत्र्यावर असतो, पुसला जायच्या आत फोटो काढून ठेवा.