व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला उठवून बसवणं धोक्याचं नाही का?

तुमचे वडील मिरजेत न्यूमोनियामुळे व्हेंटिलेटरवर आहेत, चौथ्याच दिवशी त्यांना कॉटच्या कडेला पाय सोडून बसवलं आणि घरचे सगळे हादरलेत, असं तुम्ही लिहिलंय. मी मिरजेतच आयसीयूत फिजिओथेरपिस्ट आहे. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही, पण बसवलं हे वाचून मला तरी बरं वाटलं. म्हणजे झोपेचं औषध कमी झालंय, सांगितलेलं त्यांना कळतंय आणि बीपी जाग्यावर आहे. यातलं काही बिघडलेलं असतं तर बसवलंच नसतं.

'पडू द्या, आराम मिळू दे' हे आम्ही रोज ऐकतो. पण त्या पडण्यात ताकद फार झपाट्याने जाते. ब्रिटनमधल्या २०१३ च्या एका अभ्यासात आयसीयूतल्या पेशंटच्या मांडीच्या पुढच्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ मोजलं, तर दहा दिवसांत ते सरासरी १७.७ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. पडून राहण्याइतकाच याला आजारही कारणीभूत असतो, म्हणून नुसत्या व्यायामाने सगळं भरून निघत नाही, हेही खरं.

तोंडातून श्वासनलिकेत घातलेली व्हेंटिलेटरची नळी निघेल ही भीती रास्त आहे. म्हणून आधी नळी ओठापाशी किती सेंटिमीटरवर आहे तो आकडा बघतो. पुरुषांत बहुतेक वेळा २२-२३ च्या आसपास असतो. कफ ओढून घेतो, व्हेंटिलेटरच्या पाइपात साचलेलं पाणी काढतो, सलाइन आणि लघवीची पिशवी त्याच बाजूला घेतो. एक सिस्टर फक्त नळी धरून उभी असते, तिला दुसरं काम सांगायचं नाही. मग हळूहळू कुशीवर, पाय खाली, पाठीला आधार. (अथणी-चिकोडीकडचे पेशंट असले की मी कन्नडमध्ये 'कुंद्री, कुंद्री', म्हणजे 'बसा, बसा' म्हणतो, हसतात बिचारे.) ऑक्सिजन ९० च्या खाली घसरला, श्वास फार वाढला किंवा बीपी पडलं की लगेच आडवं. परत झोपवल्यावर तोच आकडा पुन्हा बघायचा.

आता संशोधनाचं. २००९ मध्ये अमेरिकेत १०४ पेशंटवर चाचणी झाली. ज्यांच्याकडून लवकर हालचाल करून घेतली त्यांच्यातले ५९ टक्के घरी जाताना स्वतःचं स्वतः करू शकत होते, बाकीच्यांत ३५ टक्के. त्यावरून बराच उत्साह आला. पण २०२२ च्या ७५० पेशंटच्या चाचणीत नेहमीपेक्षा जास्त जोर लावून हालचाल करून घेतली, तर फायदा वाढला नाही, उलट हृदयाचे ठोके अनियमित होणं, बीपी बिघडणं असे त्रास जास्त झाले. त्यामुळे 'आज उभं केलंच पाहिजे' हा हट्ट मला पटत नाही. पेशंट जागा ठेवायचा आणि झेपेल तेवढंच करायचं. बीपी पडू नये म्हणून चालू असलेल्या औषधाचा डोस वाढत असेल किंवा मशीनवर ऑक्सिजन ६० टक्क्यांच्या वर लागत असेल, तर आम्ही कॉटवरच हातपाय हलवून थांबतो.

डॉक्टरांना 'बसवलं का?' यापेक्षा 'झोपेचं औषध आज किती कमी केलं?' हे विचारा. भेटीच्या वेळी वडिलांना वार, तारीख, घरी काय चाललंय ते सांगा, बोट दाबायला सांगा. स्वतः मात्र उठवायला जाऊ नका. चष्मा किंवा कानाचं मशीन घरी राहिलं असेल तर सिस्टरांना विचारून उद्याच नेऊन द्या. न दिसणारा, न ऐकू येणारा माणूस तिथे लवकर गोंधळतो आणि मग नळी ओढायला बघतो.