बायबलमधलं स्तोत्र ९९ म्हणतं, परमेश्वर राजा आहे म्हणून लोकांनी थरथर कापावं. भक्तीत ही भीती कशाला? पवित्र देव म्हणजे लांबचा देव का?

हा प्रश्न वाचून गप्प बसवेना, कारण याच स्तोत्रावरून आमच्या मंडळीत माझं एका गृहस्थांशी वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

आमच्याकडे हंगामाच्या सणाला लिलाव होतो. भोपळे, नारळ, बाजरीची पोती, पाय बांधलेली एखादी कोंबडी. सगळं वेदीपुढे मांडायचं आणि उपासना झाली की आवारात बोली लावायची. साधा भोपळा पाचशेला जातो, कारण पैसा देवाच्या कामाचा. एका वर्षी वहीतली बेरीज आणि पेटीतली रक्कम जुळेना. पेटी ज्यांच्याकडे होती त्यांनी कमिटीपुढे हात जोडले, रडले, प्रार्थना झाली आणि ‘क्षमा केली’ असं ठरलं. पैसे काही परत आले नाहीत. पेटीही त्यांच्याकडेच राहिली.

त्यानंतर लवकरच एका रविवारी आळीपाळीने वाचायला ९९वं स्तोत्र आलं. छापील उपासनाक्रमात आठवं वचन अर्धंच होतं. देव त्यांना क्षमा करणारा होता, एवढंच. त्यांच्या कृत्यांबद्दल शासन करणाराही होता, हा भाग गाळलेला. पुढाऱ्याचं वाचन माझ्याकडे होतं. मी कागद बाजूला ठेवला, पवित्र शास्त्र उघडलं आणि अख्खं वचन वाचलं. बाहेर आल्यावर क्रम तयार करणारे गृहस्थ म्हणाले, “लोक देवळात दिलासा घ्यायला येतात, दम ऐकायला नाही.” मी विचारलं, दिलासा कुणाला? जिनं घरची कोंबडी आणून दिली त्या बाईला, की पेटीवाल्याला? त्याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

आठव्या वचनातले ‘ते’ कोण, हे आधी बघा. सहाव्या वचनात नावं आहेत: मोशे, अहरोन, शमुवेल. त्यांनी हाक मारली आणि देवानं उत्तर दिलं, मेघस्तंभातून बोलला. लांबचा देव असा बोलत नाही. पण अहरोनानं लोकांना पूजेसाठी सोन्याचं वासरू करून दिलं होतं, आणि मरीबाला खडकाशी नुसतं बोलायचं सोडून त्यावर काठी मारली त्यापायी मोशेला वचनदत्त देश डोंगरावरून नुसता बघायला मिळाला, आत पाऊल टाकता आलं नाही. ही देवाची सगळ्यात जवळची माणसं. त्यांना क्षमाही मिळाली आणि हिशोबही चुकला नाही. माझ्या मते या स्तोत्राचा कणा हाच आहे. तो काढला तर ‘पवित्र’ हा नुसता गोड गजर उरतो.

शमुवेलाचं नाव इथे यावं याचं मला फार मोल वाटतं. लोकांनी राजा मागितला तेव्हा त्यानंच बजावलं होतं (१ शमुवेल ८): राजा तुमची मुलं रथांपुढे पळवील, मुली स्वयंपाकाला नेईल, चांगली शेतं काढून चाकरांना देईल, धान्याचा दहावा भाग घेईल. स्तोत्रातला राजा याच्या उलट आहे. चौथं वचन म्हणतं, त्याला न्याय प्रिय आहे. म्हणजे कापायचं ते त्याच्या लहरीला नाही, त्याच्यापुढे वशिला चालत नाही म्हणून.

पाचव्या वचनात त्याच्या पादासनापुढे, म्हणजे पाय ठेवायच्या आसनापुढे, नमन करायला सांगितलंय. दावीद राजा हा शब्द कराराच्या कोशाजवळ वापरतो, म्हणजे देवाच्या आज्ञा ठेवलेल्या पवित्र पेटीजवळ. त्या कोशावर सोन्याचे दोन करूब, म्हणजे पंख असलेले स्वर्गीय जीव, म्हणून ‘करूबांवर बसलेला’ राजा. आणि शलमोनानं मंदिरात कोश नेला तेव्हा आत काय होतं? आज्ञांच्या दोन दगडी पाट्या, दुसरं काही नाही. डोकं टेकायचं ते तिथे, जिथे ‘चोरी करू नको’ कोरून ठेवलंय. हे कळल्यावर मला कुणी सांगावं की उपासना वेगळी आणि लिलावाची वही वेगळी!

देव ‘पवित्र’ आहे असं तीनदा येतं: तिसऱ्या, पाचव्या आणि नवव्या वचनात. पहिल्या दोन वेळा ‘तो पवित्र आहे’, शेवटी ‘आमचा देव परमेश्वर पवित्र आहे’. सुरुवातीला राष्ट्रं कापतात, शेवटी लोक त्याला आपला म्हणतात. अनेक यहुदी सभास्थानांत शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या पवित्र दिवसाच्या, स्वागताला ९५ ते ९९ ही स्तोत्रं गातात, आणि तो आनंदाचा वेळ असतो.

एक मात्र सांगायला हवं. ज्यांना लहानपणी देवाचं नाव घेऊन मार बसलाय, त्यांना मी हे स्तोत्र आधी देणार नाही. त्यांनी १०३वं वाचावं. तिथेही सिंहासन आहे, पण त्याआधी मुलांवर दया करणारा बाप येतो. आणि कुणी पुढारी ‘देवाला भ्या’ म्हणत तुम्हाला हिशोब विचारू देत नसेल, तर त्याला ९९वं पूर्ण वाचायला लावा, आठव्या वचनासकट.